तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट

पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायला बसलेल्या माणसाचे घोडे एका ठिकाणी हमखास अडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसतो, रॅम खाचेत टक्‌ करून बसते, प्रोसेसरही सॉकेटमध्ये अलगद ठेवून होतो. मग हातात येते राखाडी मलमाची, म्हणजे थर्मल पेस्टची, एक बारीक सिरिंज आणि प्रश्नांची रांग लागते. ही किती लावायची? नुसता ठिपका ठेवायचा की पसरवायची? शंभराची घ्यायची की हजाराची? नाहीच लावली तर काय होईल? आणि घरात टूथपेस्ट आहेच, ती चालणार नाही का?

अहिल्यानगर जिल्ह्यात हे प्रश्न पडणारे पुष्कळ आहेत. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले सुटे भाग ऑनलाइन मागवून वसतिगृहाच्या खोलीतच कॉम्प्युटर उभा करतात. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणारे, फ्लेक्सचे डिझाइन करणारे, महा-ई-सेवा केंद्र चालवणारे यांचे मशीन सकाळी चालू होते ते रात्रीच बंद होते. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी गावोगावच्या लोकांना माउस धरायला शिकवले, पण कॅबिनेटचे झाकण उघडून आत बघायला कोणी शिकवले नाही. त्यातून इथला उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. परदेशातले यूट्यूबवाले बावीस अंशांच्या खोलीत बसून जे सल्ले देतात, ते पत्र्याच्या छपराखाली जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून पेस्टची गोष्ट इथल्या हवेचा हिशेब धरूनच पाहू.

१. एवढी उष्णता येते कुठून?

आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. इथे मात्र आपण बोलतोय ते त्याच्या आतल्या, काडेपेटीपेक्षाही लहान अशा प्रोसेसरविषयी. तो जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पंख्याची वीज वाऱ्यात जाते, दिव्याची थोडीफार उजेडात जाते. प्रोसेसरला तशी वाट नाही. बेरीज-वजाबाकी करून झाली की उरते ती फक्त ऊब.

१९८५ च्या ३८६ प्रोसेसरवर पंखाच काय, उष्णता पसरवणारा धातूचा साधा ठोकळा, म्हणजे हीटसिंकही, नसायचा. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास वीज खाई, आणि त्याच सुमारास प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा दिसू लागला. २०२२ चा कोअर आय-९ १३९००के पूर्ण जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो. एवढी सगळी उष्णता निघते ती जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. घरगुती किंवा ऑफिसच्या कामाचे प्रोसेसर बहुतेक ६५ वॅटच्या वर्गातले असतात. पुढचा हिशेब आपण तोच आकडा धरून करू.

ही उष्णता वेळेवर बाहेर गेली नाही तर? आजचा प्रोसेसर सहसा जळत नाही. त्याला आपली मर्यादा ठाऊक असते: इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांना १०० अंश, एएमडीच्या रायझेन ५ ५६०० ला ९० अंश. तिथे पोहोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो, तरीही भागले नाही तर मशीन बंद करतो. गिऱ्हाईक म्हणते, 'दुपारी हँग होतो, रात्री बरा चालतो.' दुकानदार विंडोज नवीन टाकून देतो. पुढच्या दुपारी पुन्हा तेच.

पूर्वी स्वतःहून मंदावण्याची ही सोय सगळ्या प्रोसेसरांकडे नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाचा एक व्हिडिओ गाजला होता. चालू मशीनवरून हीटसिंक उचलताच एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर काढून मेला, इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला. त्या काळचे मेकॅनिक आजही पेस्टच्या नावाने जरा जास्तच दचकतात, त्याचे मूळ तिथे आहे.

२. दोन सपाट पृष्ठांमधली हवा

प्रोसेसरच्या वर निकेलचा मुलामा दिलेले तांब्याचे झाकण असते आणि हीटसिंकचा तळ तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. दोन्ही दिसायला आरशासारखे. मग एकावर एक दाबून बसवले की काम व्हायला हवे. मध्ये मलमाची गरजच काय?

अडचण अशी की धातू कितीही घासला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर डोंगरदऱ्याच दिसतात. दोन पृष्ठे एकमेकांना टेकतात ती फक्त शिखरांवर. बाकी सगळीकडे दऱ्या, आणि त्या दऱ्यांत हवा.

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकताना हेच दिसते. पीठ जिथे तव्याला नीट टेकले तिथे खरपूस डाग पडतात, जिथे खाली हवेचा फुगा राहिला तिथला गोल पांढराच राहतो. तवा तोच, जाळ तोच. मधल्या कागदाएवढ्या हवेने वाट अडवली. म्हणून तर भाकरी करणारीचा हात फडक्याने कडा दाबत फिरत असतो.

हवा उष्णतेला किती अडवते याचा आकडा आहे. पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे वॅट प्रति मीटर-केल्विन या मापात मोजतात. नाव जड आहे, पण आकडा मोठा तर वाट मोकळी एवढे ध्यानात ठेवले की पुरे. तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा २३७, पाण्याचा ०.६ आणि हवेचा ०.०२६. म्हणजे तांबे हवेपेक्षा पंधरा हजार पटींनी सरस. बऱ्या थर्मल पेस्टचा आकडा आपण साधारण ५ धरू.

सगळी मेख या आकड्यांत आहे. पेस्ट हवेपेक्षा दोनशे पट चांगली आहे, पण तांब्यापेक्षा ऐंशी पट वाईट आहे. म्हणून जिथे हवा आहे तिथे ती हवीच, आणि जिथे धातू धातूला टेकतो आहे तिथे ती मध्ये यायला नको. दऱ्या भरायच्या, शिखरे झाकायची नाहीत. 'जास्त लावली तर जास्त थंड राहील' हा समज चुकीचा का, हे यातच आले.

३. त्या मलमात असते तरी काय?

बहुतेक पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात किंवा तशाच न सुकणाऱ्या द्रवात कालवलेली अतिशय बारीक पूड. पूड झिंक ऑक्साइडची, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, बोरॉन नायट्राइडची, कार्बनची, क्वचित चांदीची. उष्णता वाहून नेते ती पूड. तेलाचे काम पुडीला दऱ्यांत पोहोचवणे आणि तिथे धरून ठेवणे.

ही वस्तू कॉम्प्युटरबरोबर आली असे वाटते, पण रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर ती फार आधीपासून होती. गणपती मंडळांचे, जत्रेतले मोठे अ‍ॅम्प्लिफायर उघडले तर मागे काळ्या पात्यांच्या अ‍ॅल्युमिनियमवर २एन३०५५ जातीचे, बशी उपडी घातल्यासारखे ट्रान्झिस्टर रांगेने बसवलेले दिसत. प्रत्येकाखाली अभ्रकाची पातळ चकती आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना पांढरे मलम. अभ्रक वीज अडवते, मलम उष्णता पुढे ढकलते. जुने कारागीर हे मलम बोटाने पुसट फासत आणि चकतीबाहेर आलेले पुसून काढत. कमी लावायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ती झिंक ऑक्साइडची पांढरी पेस्ट आजही गोल डबीत मिळते, स्वस्तही पडते. प्रोसेसरवर ती लावावी का, हे पुढचा हिशेबच सांगेल.

४. अंशांचा हिशेब

प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीच्या तापमानावर चढत गेलेली एक बेरीज असते. सिलिकॉनपासून झाकणापर्यंत काही अंश, झाकणापासून पेस्ट ओलांडून हीटसिंकपर्यंत काही अंश, हीटसिंकपासून हवेपर्यंत काही अंश. प्रत्येक टप्पा दर वॅटमागे किती अंश वाढवतो हे कळले की गुणाकार करायचा. खालचे आकडे समजण्यापुरते गोळाबेरीज धरले आहेत; प्रत्येक मशीनचे थोडे वेगळे असतील.

सिलिकॉन ते झाकण दर वॅटला ०.२ अंश धरू. ६५ वॅटला १३ अंश झाले. प्रोसेसरबरोबर खोक्यात मिळणारा लहान हीटसिंक-फॅन दर वॅटला ०.४५ अंश धरू. त्याचे २९ अंश.

आता मधली पेस्ट. तिचा थर ०.०५ मिलिमीटर, तिचा आकडा ५, आणि उष्णता प्रत्यक्ष जिथून जाते ती जागा चार चौरस सेंटिमीटर धरली, तर दर वॅटला ०.०२५ अंश येतात. ६५ वॅटला १.६ अंश. एवढेच.

जानेवारीत नगरच्या खोलीत २२ अंश असतील तर बेरीज होते २२ अधिक १३ अधिक १.६ अधिक २९, म्हणजे साधारण ६६. मे महिन्यात तीच खोली दुपारी ४० वर गेली की तेच मशीन, तीच पेस्ट, ८४ अंश. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल तर आणखी पाच-सात चढवा, म्हणजे ९० ची रेघ आलीच.

यात आता महागडी पेस्ट घालून पाहू. आकडा ५ ऐवजी १२. पेस्टचा वाटा १.६ वरून ०.७ वर येतो. मिळकत एक अंश. हजार रुपयांत एक अंश!

उलट तीच महागडी पेस्ट कोणी चौपट जाड थरात ठेवली, म्हणजे ०.२ मिलिमीटर, तर तिचा वाटा २.७ अंश होतो. पातळ बसलेली स्वस्त पेस्ट जाड बसलेल्या महाग पेस्टला हरवते. आणि असा जाड थर बसतो तो बहुधा हीटसिंक तिरका किंवा सैल बसल्यामुळे. दाब नीट असेल तर जास्तीची पेस्ट आपोआप कडेने बाहेर येते. म्हणजे दोष ट्यूबचा कमी, स्क्रूचा जास्त.

पांढऱ्या डबीतल्या पेस्टचा आकडा एक धरा. तिचे ६५ वॅटला ८ अंश होतात. ट्रान्झिस्टरला चालून गेले, मे महिन्यातल्या प्रोसेसरला ते सहा-सात जादा अंश जड जातील. म्हणून एवढा खालचा माल नको. आणि पेस्टच नाही, मध्ये तेवढ्याच जाडीची सलग हवा आहे असे धरले तर गणित तीनशे अंशांच्या पलीकडे जाते. प्रत्यक्षात तेवढे होत नाही, कारण धातू कुठे कुठे टेकलेला असतो आणि त्याच्या फार आधी प्रोसेसर हात टेकतो. पण पेस्ट लागते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता दुसरीकडे पाहा. खोक्यातला लहान हीटसिंक काढून दर वॅटला ०.२ अंशांचा उंच टॉवर कूलर बसवला की २९ चे १३ होतात. एका फटक्यात सोळा अंश. आणि नगरसारख्या कोरड्या हवेत वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीचा साधा कूलर खोलीचे तापमान सात-आठ अंशांनी सहज उतरवतो, तेही सगळेच्या सगळे प्रोसेसरच्या पदरात पडतात. फक्त त्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओलाव्याचे तुषार बोर्डावर जायला नकोत.

हा हिशेब २५० वॅटच्या प्रोसेसरला लावला तर चांगल्या-वाईट पेस्टमधला फरक चारेक अंशांपर्यंत जातो. दिवसभर रेंडरिंग करणाऱ्याने त्यासाठी चार पैसे जास्त घातले तर ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. बाकीच्यांनी तो पैसा हीटसिंकसाठी राखावा.

५. मग घ्यायची कोणती?

आधी एक गोष्ट तपासा: घ्यायची गरज आहे का? खोक्यात आलेल्या हीटसिंकच्या तळाला बहुधा राखाडी पेस्ट कारखान्यातच लावलेली असते, एएमडीच्या रेथ स्टेल्थला असते तशी. ती पुरेशी असते. तिच्यावर आणखी पेस्ट लावायची नाही, आणि बोटाने चाचपून पाहायची नाही. हीटसिंक एकदा बसवून काढला की मात्र ती गेली. पुसून नवी लावावी लागते.

वेगळी घ्यायची असेल तर आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्चुआची एनटी-एच१, अशा रुळलेल्या नावांपैकी जी मिळेल ती घ्या. यांच्यात आपापसात जो फरक आहे तो आपल्या खोलीच्या तापमानातल्या चढउतारात दिसणारही नाही. शिवाय या पेस्ट वीज वाहून नेत नाहीत, तेव्हा बोर्डावर ओघळ गेला तरी अनर्थ होत नाही. चार ग्रॅमची सिरिंज पुष्कळ झाली. ती किती पुरते ते पाहा: झाकण चार बाय चार सेंटिमीटर, थर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे लागते ०.०८ मिलिलिटर. ही पेस्ट पाण्याच्या अडीचपट जड, म्हणजे ०.२ ग्रॅम. सांडलवंड धरूनही एका सिरिंजमध्ये दहा-पंधरा मशीन होतात. चार मित्रांनी मिळून एक घ्यावी.

पाकिटावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे एकीचा १२ आणि दुसरीचा ८ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा नकली मालाची काळजी घ्या. गाजलेल्या नावांच्या हुबेहूब सिरिंज बाजारात फिरतात. फारच स्वस्त दिसली, छपाई पुसट असली, पिळताना आधी तेल आणि मग भुसभुशीत गोळा आला, तर ती लावू नका.

लिक्विड मेटल नावाचा प्रकार व्हिडिओंत फार चमकतो. गॅलियमच्या मिश्रधातूचा हा द्रव उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी पट सहज नेतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने तोच वापरला. पण तो वीज वाहून नेतो, एक थेंब बोर्डावर गेला तर बोर्ड गेला. आणि अ‍ॅल्युमिनियमला लागला तर धातू ठिसूळ होऊन कुसकरतो; खोक्यातल्या स्वस्त हीटसिंकांचा तळ अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. पहिल्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपसाठी मात्र एक चांगला पर्याय आला आहे. हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ पट्टी. थंड असताना घन, पंचेचाळीस अंशांच्या आसपास मऊ होऊन दऱ्यांत शिरते. लॅपटॉपमध्ये सिलिकॉनवर झाकण नसते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत साधी पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. ही पट्टी तशी सहज हलत नाही.

पाण्याने थंड करणारा कूलर घेतला तर पेस्टपासून सुटका होते का? नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये सुरू झालेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक पाण्याने थंड ठेवला जातो. अशा पद्धतीतही पाणी खेळवणारी तांब्याची पट्टी प्रोसेसरवर टेकवावी लागते, आणि दोन धातू टेकले की मध्ये हवा आलीच.

६. लावायची कशी?

हात धुऊन, पंखा बंद करून बसा. नगरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणे जिवावर येते, पण वरून उडालेली धूळ पेस्टमध्ये बसली की तिचा खडा तसाच राहतो.

जुनी पेस्ट असेल तर आधी ती काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात, ते लहान बाटलीत मिळते. तलम कापडाला किंवा टिश्यूला लावून पुसायचे, दुसऱ्या स्वच्छ तुकड्याने पुन्हा पुसायचे. हाताचे सॅनिटायझर नको. त्यातले ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्य मागे थर सोडतात. पेट्रोल-थिनरचीही गरज नाही. धातू कोरडा आणि चकचकीत दिसला की त्याला बोट लावू नका.

जुना हीटसिंक काढतानाचा एक धोका एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी लक्षात ठेवावा. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते, आणि सरळ वर ओढले की हीटसिंकबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे अलगद फिरवत सोडवा.

नव्या हीटसिंकचा तळ पाहा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म असते. ती काढायची राहून जाणे ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. मशीन चालू होते, दहा मिनिटांत तापते आणि शंका येते ती पेस्टवर.

आता पेस्ट. झाकणाच्या मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा. मघाच्या हिशेबातले ०.०८ मिलिलिटर म्हणजे पाच-साडेपाच मिलिमीटर व्यासाची गोळी, आणि तुरीचा दाणा नेमका तेवढा असतो. मूग कमी पडतो, हरभरा तिप्पट होतो. इंटेलच्या एलजीए १७०० सारख्या लांबट झाकणावर एकाच ठिपक्याऐवजी तेवढीच पेस्ट लांबीच्या दिशेने एका रेघेत ओढा. कार्डाने पसरवण्याची गरज नाही. दाबाने ती आपली आपण पसरते, आणि आपण पसरवायला गेलो की मध्ये हवेचे फुगे अडकतात. झाकण नसलेला लॅपटॉपचा प्रोसेसर याला अपवाद. तिथे सिलिकॉनचा कोपरा न् कोपरा झाकला जायला हवा, म्हणून पातळ थर पसरवूनच लावतात.

हीटसिंक सरळ वरून खाली ठेवा. एकदा टेकला की उचलून 'पसरली का' हे पाहू नका; उचलले की हवा शिरते आणि पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चार स्क्रू असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, एकेकाला दोन-तीन वेढे देत, आळीपाळीने आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की समोरचा कोपरा उचलला जातो आणि पेस्टचा थर पाचरीसारखा जाड-पातळ बसतो. इंटेलच्या खोक्यातल्या हीटसिंकला स्क्रू नसून चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. त्याही समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, टक्‌ आवाज यायला हवा. मग बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही टोके सारखी बाहेर आली आहेत का ते पाहा. चारपैकी एक अर्धवट बसलेली खिट्टी ही आपल्याकडच्या गरम मशीनमागची फार जुनी तक्रार आहे.

पंख्याची वायर बोर्डावरच्या 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच जोडा. हे लिहिण्याची गरज पडावी याचे वाईट वाटते, पण पडते.

७. टूथपेस्ट

चालते. काही तास. टूथपेस्टमध्ये पाणी असते, म्हणून ती सुरुवातीला दऱ्या भरते आणि तापमान चक्क बरे दिसते. मग उष्णतेने पाणी उडून जाते, मागे राहते ती खडूसारखी तडकलेली पूड आणि पुन्हा हवा. दात स्वच्छ करणारे तिच्यातले कण झाकणावर चरे पाडतात ते वेगळेच. व्हॅसलिन वितळून ओघळते. फेविक्विक किंवा एम-सील लावलेला हीटसिंक पुढे निघतच नाही, निघाला तर प्रोसेसर घेऊन निघतो. पेस्ट हातात येईपर्यंत मशीन एक दिवस बंद राहिले तर राहू द्या.

८. बदलायची केव्हा?

चांगली पेस्ट तीन ते पाच वर्षे सहज काढते. दरवर्षी बदलायची गरज नाही. पेस्ट म्हातारी होते ती दोन कारणांनी: तेल हळूहळू झिरपून पूड कोरडी पडते, आणि तापणे-निवणे चालू राहिल्याने धातू प्रसरण-आकुंचन पावून तिला कडेला ढकलतात. दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात या फेऱ्या जास्त होतात.

पण आपल्या जिल्ह्यात मशीन तापण्याचे पहिले कारण पेस्ट नसतेच, धूळ असते. अवर्षणग्रस्त माळाची माती, घरामागे चाललेली मळणी, आणि लोणी-राहुरी-कोपरगावच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामात पडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी. ही काजळी हलकी आणि चिकट. हीटसिंकच्या पात्यांत ती नमद्यासारखी बसते आणि पंखा नुसताच गरगरत राहतो. अशा मशीनवर पेस्ट बदलून पाचशे रुपये घेणारेही आहेत. त्यात तापमान उतरते ते खरे, पण ते पेस्टमुळे नव्हे. काम करताना पंखा काढून साफ केला म्हणून.

तेव्हा नवे मशीन जोडले की त्याच दिवशी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखा फुकटचा प्रोग्रॅम लावा, दहा-पंधरा मिनिटे जड काम द्या आणि दोन आकडे वहीत लिहून ठेवा: प्रोसेसरचे तापमान आणि खोलीचे तापमान. पुढे कधी मशीन दुपारी मंदावले तर हेच दोन आकडे पुन्हा घ्या आणि वजाबाकी करा. दोघांमधले अंतर पूर्वीएवढेच असेल तर दोष उन्हाळ्याचा आहे, खोलीची सोय करा. अंतर दहा अंशांनी वाढले असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा आणि परत मोजा. त्यानंतरही अंतर वाढलेलेच राहिले, तरच हीटसिंक उतरवा आणि सिरिंजचे टोपण काढा.